सारथ्यावाचून धावणारा रथ

आठवड्याच्या बाजाराहून रात्री परतणारी बैलगाडी तुमच्यापैकी काहींनी पाहिली असेल. इतरांनी घरच्या वडीलधाऱ्यांकडून तिच्याविषयी ऐकले असेल. दिवसभराच्या दगदगीने गाडीवानाचा डोळा लागतो, कासरा हातातून सुटतो, तरी गाडी बिनबोभाट घरच्या दारात येऊन उभी राहते. वाटेतला ओढा, वळणावरचा धोंडा, समोरून येणारी दुसरी गाडी, हे सारे बैलच सांभाळून घेतात. पुढे गाडीला इंजिन आले. तिची ताकद वाढली, वेग वाढला. पण बैलांचा हा गुण मात्र गेला. मोटारीचा चालक क्षणभर पेंगला तर मोटार थेट खड्ड्यात!

बैलाजवळची ही अक्कल यंत्राला देता येईल का? या प्रश्नामागे सर्वांत आधी व सर्वांत चिकाटीने कोण लागले असेल, तर ती जगातील सैन्यदले. का ते आधी पाहू या.

रसद आणि सुरुंग

युद्ध म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे रणगाडे आणि तोफा येतात. परंतु सैन्याच्या वाहनांतील फार मोठा भाग साध्या मालमोटारींचा असतो. पीठ, पाणी, डिझेल, औषधे, दारूगोळा हे सारे दररोज आघाडीपर्यंत पोहोचवावे लागते. ही रसद तुटली तर सर्वांत शूर पलटणही दोन-चार दिवसांत हतबल होते. शत्रूलाही हे पक्के ठाऊक असते. २००१ पासून अफगाणिस्तानात आणि २००३ पासून इराकमध्ये झालेल्या युद्धांत रस्त्याच्या कडेला पेरलेल्या स्फोटकांनी असंख्य सैनिकांचे बळी घेतले. त्यांतले कितीतरी जण गोळीबार करीत नव्हते. ते फक्त पाण्याची वा इंधनाची गाडी हाकीत होते.

गाडीत चालकच नसेल तर? स्फोट झाला तरी लोखंडाचे नुकसान होईल, जीव जाणार नाही. असा विचार करून अमेरिकेच्या संसदेने २००० साली एक कायदा केला. सैन्याच्या जमिनीवरील लढाऊ वाहनांपैकी एक तृतीयांश वाहने २०१५ पर्यंत माणसाविना चालणारी असावीत, असे उद्दिष्ट त्यात घालून दिले होते. त्या उद्दिष्टाचे काय झाले, हे पुढे येईलच.

दूरनियंत्रण म्हणजे स्वयंचलन नव्हे

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. गाडीत माणूस नसणे आणि गाडीने स्वतः निर्णय घेणे, या दोन अगदी वेगळ्या बाबी आहेत.

माणूस नसलेली गाडी काही नवी नाही. १९३९-४० च्या हिवाळ्यात सोव्हिएत सैन्याने फिनलंडविरुद्धच्या युद्धात रेडिओलहरींनी चालवलेले रणगाडे वापरले होते. मागच्या रणगाड्यात बसलेला माणूस पुढच्या रिकाम्या रणगाड्याला आज्ञा देत असे. जर्मनीने १९४२ मध्ये ‘गोलियाथ’ नावाची, जेमतेम कमरेपेक्षाही कमी उंचीची, पट्ट्यांवर चालणारी गाडी काढली. तिच्या पोटात स्फोटके भरलेली असत व ती तारेवरून मिळणाऱ्या आज्ञांवर पुढे जाई. शत्रूच्या सैनिकांनी मागची तार कापली की गोलियाथ जागच्या जागी थंड!

आपल्या महाराष्ट्रातही असे एक यंत्र तयार झाले आहे. पुण्यातील दिघी येथे संरक्षण संशोधन व विकास संघटनेची अभियांत्रिकी प्रयोगशाळा आहे. तेथे ‘दक्ष’ हा यंत्रमानव घडवला गेला आणि २०११ च्या अखेरीस त्याची पहिली तुकडी सैन्याच्या हाती देण्यात आली. दक्ष जिने चढतो, संशयास्पद वस्तू आपल्या यांत्रिक हाताने उचलतो, क्ष-किरणांनी तिच्या आत डोकावतो आणि पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने बॉम्ब निकामी करू शकतो. बॉम्ब हाताळणारा जवान त्यामुळे सुरक्षित अंतरावर राहतो.

परंतु ही सारी यंत्रे कळसूत्री बाहुलीसारखी आहेत. दोरी माणसाच्याच हाती असते. म्हणजे प्रत्येक गाडीमागे एक माणूस लागतोच. शिवाय रेडिओसंदेश शत्रूला अडवता येतो. तिसरी अडचण विलंबाची. गाडीवरील कॅमेऱ्याचे चित्र चालकाकडे येणार, तो ते पाहून विचार करणार आणि मग त्याची आज्ञा परत जाणार. यात समजा केवळ अर्धा सेकंद गेला. ताशी ४० किलोमीटर वेगाची गाडी तेवढ्यात साडेपाच मीटर पुढे गेलेली असते. तेव्हा खरा उपाय एकच: गाडीने स्वतः पाहावे, स्वतः ठरवावे.

सावलीला भिणारी गाडी

या दिशेने पहिला मोठा प्रयत्न अमेरिकेच्या ‘डार्पा’ या संरक्षण संशोधन संस्थेने १९८३ मध्ये हाती घेतला. त्यातून आठ चाकांची, खोक्यासारखी एक अवजड गाडी तयार झाली. तिच्यावर कॅमेरा व लेसरयंत्र होते आणि पोटात संगणकांची मांडणी. १९८५ साली डेन्व्हर शहराजवळ ती रस्त्यावरून सुमारे एक किलोमीटर स्वतः चालत गेली. तिचा वेग होता ताशी ३ किलोमीटर. म्हणजे तुम्ही शाळेत रमतगमत जाता, त्याहूनही कमी!

एवढी संथ का? कारण पाहणे आणि समजणे यांत अंतर आहे. कॅमेऱ्याच्या दृष्टीने चित्र म्हणजे फक्त उजळ व काळसर ठिपक्यांचा ढीग. रस्ता काळसर, कडेची माती उजळ, असे संगणकाला शिकवले; पण दुपारी झाडाची सावली मातीवर पडली की मातीही काळसर दिसू लागते. मग रस्ता नेमका कोणता? तीन वर्षांचे मूल सावली ओळखते. संगणकाला मात्र ते फार जड गेले.

वाळवंटातील शर्यत

पुढे डार्पाने एक वेगळीच युक्ती योजली. मोठ्या कंपन्यांना कंत्राटे देत बसण्यापेक्षा खुली शर्यत जाहीर करावी! महाविद्यालयांतले विद्यार्थी, गॅरेजवाले, हौशी मंडळी, कोणीही यावे. गाडीत माणूस नसावा, शर्यत सुरू झाल्यावर बाहेरून आज्ञा देऊ नये, एवढीच मुख्य अट.

१३ मार्च २००४ रोजी कॅलिफोर्नियातील मोहावे वाळवंटात १५ गाड्या सुटल्या. अंतर सुमारे २३० किलोमीटर, बक्षीस दहा लाख डॉलर. निकाल काय लागला असेल? एकही गाडी शेवटास पोहोचली नाही! कोणी सुरुवातीलाच भिंतीला धडकली, कोणी उलटली. एक भला थोरला लष्करी ट्रक झुडपांना अडथळे समजून मागे मागेच सरकू लागला. सर्वांत दूर गेली ती कार्नेगी मेलन विद्यापीठाची ‘सँडस्टॉर्म’. सुमारे १२ किलोमीटर जाऊन एका तीव्र वळणावर ती कडेच्या उंचवट्यात अडकली. चाके गरगरत राहिली, टायरचे रबर जळून धूर निघू लागला, पण आपण अडकलो आहोत हे काही त्या बिचारीला उमगेना.

वृत्तपत्रांनी या फजितीची यथेच्छ थट्टा केली. डार्पाने मात्र बक्षीस दुप्पट केले आणि दीड वर्षाने पुन्हा शर्यत ठेवली.

गाडी पाहते कशी?

दुसऱ्या शर्यतीकडे वळण्यापूर्वी या गाड्यांचे ‘डोळे’ समजून घेऊ. त्यांतला मुख्य डोळा म्हणजे लेसर अंतरमापक. विहिरीत हाक मारली की काही वेळाने प्रतिध्वनी येतो आणि लागलेल्या वेळावरून पाणी किती खोल ते काढता येते. येथे आवाजाऐवजी प्रकाश वापरतात, इतकेच. गाडी लेसरचा क्षणिक झोत सोडते, तो समोरच्या वस्तूवर आपटून परततो. प्रकाशाचा वेग सेकंदाला ३ लाख किलोमीटर. वस्तू २० मीटरवर असेल तर जाऊन-येऊन ४० मीटर अंतर होते आणि त्यास सेकंदाचा सुमारे पंच्याहत्तर लाखावा भाग लागतो. एवढा सूक्ष्म काळ मोजायचा, तोही दर सेकंदाला हजारो वेळा! मापनात एका सेकंदाच्या अब्जांश भागाची चूक झाली, तर अंतर १५ सेंटिमीटरने चुकते. कसे ते स्वतः गणित करून पाहा.

समजा, अंतर अचूक मोजले. तरी एक संकट उरतेच. गाडी खडबडीत वाटेवर हिंदकळत असते. तिचे नाक केवळ अर्ध्या अंशाने वर-खाली झाले व संगणकाला ते कळले नाही, तर २० मीटरवरील सपाट जमीन त्याला सुमारे १७ सेंटिमीटर उंच भासते. म्हणजे तेथे नसलेला दगड दिसतो! मग गाडी विनाकारण थांबते किंवा वळते. दुधाने पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, तशी तिची गत होते. उलट तिला फार बेफिकीर बनवले, तर खऱ्या दगडावर जाऊन आदळणार. भित्रेपणा व बेफिकिरी यांच्यामधली वाट शोधणे, हीच या शास्त्रातील खरी कसोटी आहे.

स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ‘स्टॅनली’ या गाडीने ती वाट शोधली. सेबास्टियन थ्रन हे तिच्या चमूचे प्रमुख. ‘हा बिंदू उंच आहे’ असे छातीठोकपणे न म्हणता, ‘तो उंच असण्याची शक्यता किती’ याचा हिशेब स्टॅनलीचा संगणक करीत असे. दोन मोजमापांमध्ये जितका अधिक काळ गेला, तितका त्यांच्यावरील विश्वास कमी. हा हिशेब कोणत्या अंकांनी करायचा, हे माणसांनी अंदाजाने ठरवले नाही. आधी माणसाने गाडी चालवली. जेथून तिची चाके गेली ती जमीन सुरक्षित, हे तर उघडच. या उदाहरणांवरून संगणकाने ते अंक स्वतः शोधले. शिकाऊ उमेदवार गुरूकडे पाहून शिकतो, तसेच हे झाले.

वेग आणि नजर

आणखी एक अडचण पाहा. स्टॅनलीच्या लेसरला अडथळे खात्रीने ओळखता येत ते सुमारे २२ मीटरपर्यंत. आता पदार्थविज्ञानाचा साधा नियम लावा. ब्रेक लावल्यावर गाडी जितके अंतर घसरते, ते वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. धुळीच्या वाटेवर घर्षणांक ०.४ धरला, तर ताशी ४० किलोमीटर वेगाला थांबण्यास सुमारे १६ मीटर लागतात. संगणकाच्या विचाराला तीन-चार मीटर सोडा. म्हणजे २२ मीटरची नजर कशीबशी पुरली. वेग ताशी ६० केला, तर ब्रेकलाच ३५ मीटर हवेत. वेग दीडपट, पण अंतर सव्वादोन पट! नजरेपलीकडे धावणे म्हणजे डोळे मिटून धावणे.

यावर स्टॅनलीच्या चमूने काढलेली तोड मोठी सुरेख होती. जवळची जमीन सपाट आहे, हे लेसरने सांगितले. त्याच जमिनीचा रंग व पोत कसा दिसतो, हे संगणकाने कॅमेऱ्याच्या चित्रात टिपले. मग चित्रात दूरवर जेथे तसाच रंग दिसेल, तो रस्ताच, असे मानले. ऊन बदलले, माती बदलली, तर हा धडा पुन्हा नव्याने, क्षणोक्षणी गिरवायचा. अशा रीतीने लेसर गुरू झाला आणि कॅमेरा शिष्य. पण शिष्याची नजर गुरूपेक्षा दूर पोहोचली. दूरवर रस्ता दिसेनासा झाला की गाडी आपोआप वेग कमी करीत असे. १९८५ साली सावलीने गोंधळ घातला होता; त्यावरचे उत्तर वीस वर्षांनी असे सापडले.

आपण कोठे आहोत?

गाडीला समोरचे दिसले, तरी आपण नकाशावर कोठे आहोत हे कळले पाहिजे. त्यासाठी सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवरील उपग्रहांचे संदेश वापरतात. निदान चार उपग्रहांचे संदेश मिळाले की स्थान निघते. पण शर्यतीच्या मार्गावर तीन बोगदे होते. तेथे उपग्रह कसे दिसणार?

अशा वेळी गाडी आपल्या पोटातील त्वरणमापक व घूर्णदर्शी यांवर भिसत ठेवते असे नव्हे, तर त्यांच्यावरच अवलंबून राहते. त्वरण मोजायचे, त्यावरून वेग काढायचा, वेगावरून अंतर. पण यात चूक साचत जाते. त्वरणात दर सेकंदास दर सेकंदाला एक सेंटिमीटर इतकी किरकोळ चूक असली, तर एका मिनिटात स्थान १८ मीटरने चुकते आणि दोन मिनिटांत ७२ मीटरने! म्हणून चाकांचे फेरे मोजून ही चूक आवरावी लागते.

८ ऑक्टोबर २००५ रोजी २३ गाड्या सुटल्या. अंतर २१२ किलोमीटर. यावेळी एक सोडून बाकी सर्व गाड्यांनी आदल्या शर्यतीतील विक्रम मागे टाकला. पाच गाड्या शेवटपर्यंत पोहोचल्या. स्टॅनलीने ६ तास ५४ मिनिटांत पहिला क्रमांक मिळवला. दुसरी आली ती केवळ ११ मिनिटांनी मागे राहिलेली, तीच जुनी सँडस्टॉर्म! पुढे ३ नोव्हेंबर २००७ रोजी हवाई दलाच्या एका बंद पडलेल्या तळाच्या वसाहतीत, रहदारीचे नियम पाळत धावण्याची शर्यत झाली. तीत कार्नेगी मेलनच्या ‘बॉस’ने बाजी मारली. आज परदेशांतील काही शहरांत चालकाविना टॅक्सी धावतात, त्यांचे मूळ या शर्यतींत आहे.

रणांगण म्हणजे रस्ता नव्हे

मग २०१५ चे उद्दिष्ट साधले का? नाही. एक तृतीयांश तर राहोच, त्याच्या जवळपासही कोणी पोहोचले नाही. याचे कारण असे की शहरातील रस्त्यावर पट्टे असतात, सिग्नल असतात, तपशीलवार नकाशे असतात. रणांगणावर यांतले काहीच नसते.

लेसरला उंच गवत भिंतीसारखे दिसते. गाडी गवतातून सहज जाईल, पण त्याच गवतात लपलेला धोंडा तिचा आस मोडील. धुळीचा लोट उठला की लेसर त्यालाच अडथळा समजतो. खंदक तर सर्वांत फसवा. समजा, लेसर जमिनीपासून २ मीटर उंच बसवला आहे. २० मीटरवरचा अर्धा मीटर उंच दगड त्याला सुमारे दीड अंशाचा दिसतो. तितक्याच अंतरावरचा अर्धा मीटर रुंद चर मात्र जेमतेम ०.१४ अंशाचा, म्हणजे दहापट लहान! अंतर दुप्पट केले तर दगड निम्मा होतो, चर मात्र एक चतुर्थांश. जे चाकाला गिळणार, तेच डोळ्याला सर्वांत शेवटी दिसते.

त्यात शत्रूही स्वस्थ बसलेला नसतो. उपग्रहांचे संदेश जमिनीवर पोहोचेपर्यंत फारच क्षीण झालेले असतात. साध्या प्रक्षेपकानेही ते बुडवता येतात. शिवाय अंधारात लेसर सोडणारी गाडी म्हणजे अंधारात कंदील घेऊन हिंडणारा माणूस. योग्य दुर्बीण असलेल्याला तो दुरूनच दिसतो. म्हणून लष्करी गाडीला उपग्रहांवाचून व शक्य तर केवळ कॅमेऱ्यांच्या बळावर वाट काढता आली पाहिजे. रस्ता नसलेल्या मुलखात वेगाने धावता यावे, यासाठी डार्पाने २०२१ मध्ये आणखी एक उपक्रम सुरू केला.

२०२२ मध्ये युक्रेनमध्ये पेटलेल्या युद्धात लहान चालकविरहित गाड्यांनी रसद पोहोचवली, सुरुंग पेरले व काढले, जखमींना मागे आणले. त्यांतील बहुतेकींमागे दूरवर बसलेला माणूस होताच. भारतातही चेन्नईजवळील आवडी येथे पट्ट्यांवर चालणारे ‘मंत्र’ हे वाहन २०१७ साली तयार झाले. टेहळणी, सुरुंगांचा शोध आणि किरणोत्सारी भागातील पाहणी अशी त्याची निरनिराळी रूपे आहेत. ही तिन्ही कामे अशी की जेथे माणसाला धाडणे म्हणजे त्याला मृत्यूच्या दाढेत लोटणे.

चाप कोणी ओढायचा?

येथवर आपण गाडी चालवण्याविषयी बोललो. पण तीच गाडी बंदूक घेऊन निघाली तर? ‘समोर दगड असण्याची शक्यता ९५ टक्के’ असा हिशेब वाट काढण्यास पुरेसा असतो. चुकलाच, तर गाडी उगाच वळते. पण ‘समोर शत्रू असण्याची शक्यता ९५ टक्के’ हा हिशेब गोळी झाडण्यास पुरेसा आहे काय? उरलेल्या पाच टक्क्यांत सरपण आणायला निघालेली बाई असेल, शरण आलेला सैनिक असेल. आणि चूक झालीच, तर जाब कोणाला विचारायचा? गाडीला? तिचा आज्ञासंच लिहिणाऱ्याला? की तिला धाडणाऱ्या अधिकाऱ्याला?

अमेरिकेच्या संरक्षण खात्याने २०१२ साली यासंबंधी नियम केला आणि २०२३ मध्ये तो सुधारला. शस्त्र वापरताना माणसाच्या निर्णयबुद्धीस योग्य वाव राहिला पाहिजे, असा त्याचा आशय आहे. ‘योग्य’ म्हणजे किती, यावर वाद आहेच. जिनिव्हा येथे २०१४ पासून अनेक राष्ट्रांचे प्रतिनिधी या विषयावर चर्चा करीत आले आहेत. काहींना अशा शस्त्रांवर संपूर्ण बंदी हवी आहे, काहींना नको आहे.

आज शाळेत असलेल्या तुमच्यापैकी काहीजण पुढे अशी यंत्रे घडवतील, काहीजण सैन्यात जातील, काहीजण कायदे करतील. पाण्याची गाडी हाकणाऱ्या चालकाचा जीव वाचवणारे यंत्र आणि कोणाचा जीव घ्यायचा हे ठरवणारे यंत्र, या दोहोंचे डोळे सारखेच आहेत. त्यांच्यामधली रेघ कोठे ओढायची, हे मात्र लेसरने मोजता येत नाही.

करून पाहा

शाळेच्या मैदानावर एक वीट उभी करा आणि तिच्याशेजारी विटेच्या उंचीइतक्याच लांबीचा पांढरा कागद जमिनीवर, लांबी तुमच्या दिशेने येईल असा पसरा. कागद हा आपला ‘चर’ समजा. ५ मीटरवर उभे राहा, एक डोळा मिटा आणि हात ताठ करून पट्टीने दोघांची दिसणारी उंची मोजा. वीट अडीच सेंटिमीटरच्या आसपास भरेल, कागद सुमारे ७ मिलिमीटर. आता १० मीटरवर जा व पुन्हा मोजा. वीट निम्मी होईल. कागद मात्र जेमतेम २ मिलिमीटर उरेल. मग गुडघ्यांवर बसून मोजा. कागदाचे काय होते, आणि लष्करी गाडीचे डोळे उंचावर का बसवतात, याचे उत्तर तुमचे तुम्हालाच मिळेल.